टॅपेट कव्हर पॅकिंग: आधी ब्रीदर बघा

टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून तेल गळतं, या प्रश्नावरच्या चर्चेत एकानं लिहिलंय की पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन (चिकट सीलंट) फासलं की गळती कायमची थांबते. ते मला पटत नाही. रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं असतं. सिलिकॉनचा ठिपका फक्त हेडच्या, म्हणजे कव्हर बसतं त्या इंजिनच्या वरच्या भागाच्या, कोपऱ्यांत, जिथे दोन भागांचा सांधा येतो तिथे. जास्तीचं सिलिकॉन आत निसटतं आणि तेलाबरोबर फिरत तेलपंपाच्या जाळीत अडकतं. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळा हा चर्चेतला दुसरा सल्ला मात्र अगदी बरोबर. तेही बेतानं, कारण बऱ्याच छोट्या गाड्यांत ते 8-10 न्यूटन मीटरवरच आवळायचे असतात. जोर लावला की पत्र्याचं कव्हर वाकतं.

पण एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही: ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आत साठणारा गॅस बाहेर काढणारी वाट. आमच्या परभणीकडच्या जुन्या मारुती ८००चं पॅकिंग बदललं तरी पुन्हा पाझरायचं, तेल एक्झॉस्टवर पडून जळका वास गाडीत यायचा. एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी पॅकिंगला हातच लावला नाही, आधी ब्रीदरचा पाइप काढला. आत काळा चिकट गाळ घट्ट बसलेला. पिस्टनच्या रिंगांमधून खाली झिरपणाऱ्या गॅसला बाहेर पडायला वाटच नव्हती, मग तो दाब पॅकिंगमधून तेल बाहेर ढकलणारच. पाइप साफ केला, नवं पॅकिंग टाकलं, गळती थांबली. गाडीला पीसीव्ही व्हॉल्व्ह (हाच गॅस पुन्हा इंजिनच्या हवेच्या वाटेत सोडणारी झडप) असेल तर तोही काढून हलवून बघा, बहुतेक चांगले व्हॉल्व्ह खडखडतात. हे सगळं साफ असूनही तेलाचं झाकण उघडल्यावर इंजिन जोरात धूर फेकत असेल, तर बहुधा रिंगा झिजल्यात. तिथे पॅकिंगवर पैसे घालू नका.