ऑरगॅनिक केमिस्ट्रीवाल्यांनी कार्बन कॅप्चरमध्ये पोस्टडॉक करावं का?

मृदगंधा:
पीएचडी पुण्यात संपत आलीय, विषय टोटल सिंथेसिस, म्हणजे निसर्गातले गुंतागुंतीचे रेणू साध्या रसायनांपासून बनवणं. जर्मनीतल्या एका ग्रुपकडून कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या कामात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करण्यासाठी इंटरव्ह्यूचं बोलावणं आलंय. गाइड म्हणतात, ते इंजिनियर लोकांचं काम, तू नुसती रेणू बनवून देत बसशील. तिथे माझ्याकडे काय आहे म्हणून सांगू?

काचनळी:
जाच. मीही अल्कलॉइड सोडून याच कामात आलो आणि गाइडचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. सगळा खेळ नायट्रोजनचा आहे, आणि नायट्रोजन आपल्याला कळतो. सीओटू पकडतात ती अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेले रेणू. साधं प्रायमरी अमाइन सीओटूला थेट नायट्रोजनवर बांधून कार्बामेट करतं, म्हणजे एका सीओटूमागे दोन अमाइन खर्च. एएमपी नावाच्या अमाइनसारखी नायट्रोजनशेजारी मिथिल गटांची गर्दी केली की कार्बामेट टिकत नाही, पाण्यात बायकार्बोनेट होतं आणि हिशोब एकास एक बसतो.

खरी गोची टिकण्याची. सिलिकावर चढवलेलं पॉलिइथिलिनइमाइन (अमाइनांची लांब साखळी) पांढरंशुभ्र असतं. गरम असताना हवा लागली की पिवळं पडतं, मग तपकिरी. कोरड्या सीओटूत जास्त तापवलं तर युरिया होतो. टीजीए, म्हणजे तापवताना वजन मोजत राहणारं यंत्र, फक्त क्षमता घटली एवढं दाखवतं. नेमकं काय बिघडलं ते शोधायला सॉलिड-स्टेट एनएमआर (घन पदार्थातला प्रत्येक कार्बन कुठल्या स्थितीत आहे ते दाखवणारं तंत्र) लागतो, आणि त्याच्या आलेखात १६० ते १६५ पीपीएमच्या चिंचोळ्या पट्ट्यात कार्बामेट, बायकार्बोनेट, युरिया एकमेकांना खेटून बसलेले असतात. ते सोडवता येणं हेच तुझं भांडवल. इंटरव्ह्यूत हेच सांग.

वाफकोंडी:
मी रिफायनरीत अमाइन युनिटवर आहे, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. एमईएचं (मोनोइथेनॉलअमाइन, नेहमीचं साधं अमाइन) द्रावण साधारण ३० टक्क्यांचं, बाकी पाणी. गॅस सोडवायला ते १२० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, आणि बरीच वाफ त्या पाण्यावरच जाते. अमाइनने गॅस धुण्याचं पेटंट १९३० चं, तरी आजही तुलना त्याच्याशीच होते. दहा पायऱ्यांत बनणारा रेणू कितीही देखणा असो, आम्हाला तो टनावारी लागतो.

मृदगंधा:
मग स्वस्तात, एकदोन पायऱ्यांत काही होतं का?

काचनळी:
होतं की! अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेचं २०१७ चं काम वाच. पिरिडीनचं डायअल्डिहाइड आणि अमिनोग्वानिडिन, एका पायरीत इमिनोग्वानिडिन तयार. त्याचं पाण्यातलं द्रावण उघडं ठेवलं की हवेतला सीओटू ओढून कार्बोनेटचे स्फटिक खाली बसतात, आणि ८० ते १२० अंशांना गॅस परत सुटतो. हवेत सीओटू जेमतेम सव्वाचारशेच्या आसपास पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तेवढेच भाग, हे लक्षात घे म्हणजे यातली गंमत कळेल.

इंटरव्ह्यूत त्या ग्रुपला उलट विचार: चिमणीचा धूर की हवा? मोजमाप ओल्या वायूत करता की फक्त कोरड्या? पकडण्या-सोडण्याच्या किती फेऱ्यांनंतरचा डेटा आहे? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर दुसरा ग्रुप बघ. आणि जर्मनीतल्या हंबोल्ट फाउंडेशनच्या पोस्टडॉक फेलोशिपसाठी अर्ज करणार असशील तर पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत करावा लागतो; यजमान प्राध्यापकांशी ते आताच बोलून ठेव.