मदत हवी आहे: बाथरूमचं प्लास्टर अजून ताजं आहे, टाइल्सला ॲडेसिव्ह कोणतं घ्यावं?

चोपडेकर:
राम राम मंडळी. गावातल्या घराची जुनी मोरी तोडून बाथरूम करतोय, ७ बाय ५ फुटांचं. भिंती विटांपर्यंत सोलून नवं प्लास्टर केलं, त्याला आठवडाही झालेला नाही. सिमेंट-वाळू १:४. तीन भिंतींवर साधारण १५ मिमी जाडी आहे. शॉवरची भिंत ओळंब्यात नव्हती, तिथे चांगला इंचभर माल चढलाय.

टाइल्स मोरबीहून येऊन पडल्यात. तीन भिंतींना १२ बाय १८ इंची सिरॅमिक, शॉवरच्या भिंतीला २ बाय ४ फुटी व्हिट्रिफाइड. (एवढी मोठी टाइल कोणाच्या हट्टाने आली ते विचारू नका.)

मिस्त्री म्हणतो ॲडेसिव्ह वगैरे कंपन्यांचे धंदे, सिमेंटची रबडी लावून टाइल चिकटवतो, आयुष्यभर हेच केलंय. दुकानदाराने तीन बॅगा पुढे ठेवल्या: एक स्वस्त करडी, एक महाग करडी आणि एक पांढरी. फरक काय विचारलं तर म्हणे, "पांढरी भारी असते साहेब."

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी, भाच्या सगळ्या येणार, त्याआधी उरकावं असं घरच्यांचं म्हणणं आहे. या प्लास्टरवर आताच टाइल लावली तर चालेल का? कोणती बॅग घेऊ? प्रायमर लागतो का?

साइटवरचा:
पांढरी आणि करडी हा फरक सिमेंटच्या रंगाचा. काचेची मोझाइक किंवा फिकट संगमरवर असेल तर मागचा करडा रंग वर दिसतो, म्हणून पांढरं वापरतात. तुमच्या टाइल्सला त्याची गरज नाही, पैसे वाचवा.

बॅगेवर 'आयएस १५४७७' (टाइल ॲडेसिव्हचं भारतीय मानक) आणि टाइप किती ते वाचा. टाइप १ म्हणजे घरातल्या साध्या सिरॅमिकसाठी. त्या टाइलची पाठ पाणी पिते, त्यामुळे पकड सहज बसते. व्हिट्रिफाइड पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीला तिच्यात शिरायला जागाच मिळत नाही. टाइपखाली काही बॅगांवर सी१, सी२ लिहिलेलं असतं. ते युरोपियन वर्गीकरण: सी१ ला प्रति चौरस मिमी ०.५ न्यूटन पकड लागते, सी२ ला १. शेजारी 'टी' असेल तर उभ्या भिंतीवर टाइल खाली घसरत नाही, आणि 'ई' असेल तर पसरलेला थर जास्त वेळ चिकट राहतो. आपल्याकडच्या उन्हात ते 'ई' फार कामाचं.

बाथरूम सारखं ओलं राहणार, म्हणून सिरॅमिकच्या भिंतींना टाइप १ ऐवजी टाइप २ घ्या, तेवढं पुरे. २ बाय ४ ची एक टाइल पंधरा किलोच्या घरात जाते, तिथे टाइप ३ घ्या. दोन वेगळ्या बॅगांची कटकट नको असेल तर सगळीकडे टाइप ३ लावा.

चोपडेकर:
हे समजलं. पण थांबायचं किती?

गिरणाकाठ:
भो, दम धरा. प्लास्टर सुकणं आणि प्लास्टर पिकणं या दोन गोष्टी आहेत. एप्रिलमध्ये आपल्याकडे ४२-४३ अंशात भिंत दुपारपर्यंत पांढरीफटक होते, लोकांना वाटतं झालं. आत सिमेंटचं काम अजून चालू असतं. त्याला पाणी मिळालं नाही तर वरचा थर भुसभुशीत राहतो आणि केसासारख्या भेगा पडतात. आधी सात दिवस दिवसातून तीन-चारदा पाणी मारा, जमलं तर ओलं गोणपाट टांगा. मग निदान दोन आठवडे तसंच सोडा. ताजं प्लास्टर आकसतं, टाइल आकसत नाही. ती ओढाताण नेमकी चिकटवलेल्या थरावर येते. २८ दिवस मिळाले तर सोन्याहून पिवळं. एक इंचाच्या भिंतीला तर द्याच.

ती एक इंच जाडी एकाच फेरीत चढवली का दोन थरांत? एकाच फेरीत असेल तर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढा भाग काढून परत भरा. वरचं ॲडेसिव्ह कितीही महाग असलं तरी प्लास्टरच विटेला सोडून आलं तर टाइलसकट खाली येईल.

केळीवाला_रावेर:
आखाजीले बहिणी झोके खेळाले येतीस, टाइल मोजाले नाही. तोवर जुन्या न्हाणीघरात भागवा.

साइटवरचा:
प्रायमर सहसा लागत नाही. तळहात भिंतीवरून फिरवा. वाळू हाताला लागत असेल तर ब्रशने झाडा, तरी सुटत असेल तर कंपनीने सांगितलेला प्रायमर मारा. पृष्ठभाग खरबरीत ठेवायचा, निरू (चुन्याचा गुळगुळीत हात) किंवा घोटाई नको. जिप्समचं प्लास्टर ओल्या जागी मुळीच नाही.

मिस्त्रीने मालात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड टाकलं असेल, पण ते भिंतीवरच्या कोटाला पर्याय नाही. शॉवरच्या भिंतीला आणि खाली फरशीच्या कोपऱ्यांना पॉलिमर-सिमेंटचा दोन भागांत येणारा कोट दोन हात मारा, सुकू द्या आणि त्यावर ॲडेसिव्ह. फरशीत आधी एक दिवस पाणी साठवून बघा.

चोपडेकर:
ठोकून पाहिलं. शॉवरच्या मिक्सरजवळ वीतभर जागा पोकळ वाजतेय. पाइपसाठी मारलेली झिरी तिथेच बुजवलीय. मिस्त्रीला दाखवलं, तो म्हणतो काढतो. उद्यापासून गोणपाट टांगतोय, आखाजीचं घरच्यांना सांगून टाकलं. बॅगा किती लागतील आणि मिस्त्रीला पद्धत काय सांगू?

गिरणाकाठ:
३ मिमी थर धरला तर २० किलोच्या बॅगेत साधारण ५० चौरस फूट होतात. मोठ्या टाइलला मागूनही हात लावावा लागतो, तिथे कमी होतील.

मिस्त्रीला मुख्य म्हणजे थापा-थापा माल लावू देऊ नका. मधे पोकळी राहते, आणि एखाद्या दिवशी बादली लागली की तिथेच तडा. दात्यांच्या थापीने एकाच दिशेने रेघा ओढायच्या, मोठ्या टाइलला १० मिमीचा दाता. टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवायचा. पहिली टाइल दाबल्यावर लगेच काढून बघा, रेघा मोडून सगळीकडे माल बसलाय का ते तेव्हाच कळतं. मोरबीच्या टाइलच्या पाठीला भट्टीची पांढरी पावडर असते. ती ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय लावू नका, पुष्कळ टाइल्स त्या पावडरीमुळेच सुटतात. सिरॅमिक टाइल पाण्यात भिजत ठेवायची सवय मिस्त्रींना असते. ॲडेसिव्हला ते करायचं नाही.

साइटवरचा:
उन्हाचं एक राहिलं. सकाळी लवकर किंवा चारनंतर काम करा. टाइल्स आणि बॅगा सावलीत ठेवा. भिंत तापलेली असेल तर ओलसर करा, पाणी वाहत नको. एका वेळी एका टाइलपुरताच माल पसरा. बोटाला चिकटला नाही म्हणजे वर साय धरली, तो खरवडून टाका. त्यात पाणी घालून परत कालवू देऊ नका, मिस्त्री हे हमखास करतात. कालवायला प्यायचं पाणी घ्या, बोअरचं खारं नको. सांधा २ मिमी ठेवा, शॉवरला इपॉक्सी ग्राउट (सांध्यात भरायचा माल), आणि भिंत-भिंत मिळते त्या कोपऱ्यात ग्राउटऐवजी सिलिकॉन.

चोपडेकर:
एक शेवटचं. दुकानदार जुना स्टॉक कमी भावात देतोय. घ्यावा का?

गिरणाकाठ:
बॅगेवरची बनवल्याची तारीख बघा आणि बाहेरून दाबून बघा. खडे लागले तर फुकट दिली तरी नको.