माल्दिनीला मिलाननं काढलं, ते बरोबर होतं का?

तीन नंबर
पाओलो माल्दिनीला एसी मिलान या इटलीतल्या फुटबॉल क्लबनं जून २०२३ मध्ये संचालक पदावरून काढलं. मला ते अजून पटलेलं नाही. खेळाडू म्हणून त्याच्याबद्दल वाद नाहीच: १९८५ मध्ये सोळाव्या वर्षी पदार्पण, २००९ पर्यंत एकच क्लब, ९०२ सामने, ५ युरोपियन कप. मी बोलतोय ते ऑफिसातल्या कामाबद्दल.

२०१८ मध्ये तो परतला, तेव्हा आधीच्या मालकाला कर्ज फेडता न आल्यानं क्लब एलियट या गुंतवणूक फंडाच्या ताब्यात गेला होता. २०११ नंतर इटालियन लीग जिंकलेली नव्हती. रेआल माद्रिदला फारसा नको असलेल्या थिओ हर्नांडेझला त्यानं इबिझात जाऊन गाठलं. डाव्या बॅकला खेळणाऱ्या तरुण पोरासमोर त्याच जागेवर नाव कमावलेला खुद्द माल्दिनी येऊन बसला, तर तो काय नाही म्हणणार! गोलकीपर डोनारुम्मा करार संपवून फुकटात गेला, त्याच्या जागी फ्रान्सच्या लिल क्लबचा मेन्याँ लगेच हजर. मे २०२२ मध्ये सासुओलोला ३-० हरवून मिलान चॅम्पियन, शहरातल्याच प्रतिस्पर्धी इंटरपेक्षा २ गुण जास्त. आणि वर्षभरात हकालपट्टी?

ताळेबंद
यादी सोयीची दिलीत. डे केटेलारे कुठाय? ३ कोटी युरोंहून जास्त मोजून आणला, पहिल्या हंगामात एकही गोल नाही. लीगमध्येही आपण पाचवेच होतो, युव्हेंटसचे १० गुण कापले म्हणून चौथे झालो. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत इंटरकडून दोन्ही सामने हरलो. एलियटनंतरचे मालक रेडबर्ड, त्यांनी १२० कोटी युरो घालून क्लब घेतलाय, कोणाबरोबर काम करायचं ते त्यांनीच ठरवायचं ना?

तीन नंबर
तोच डे केटेलारे पुढे इटलीतल्याच अटालांटा क्लबात जाऊन फुलला, २०२४ मध्ये युरोपा लीग जिंकला. पारख चुकली नव्हती, धीर कमी पडला. आणि ती उपांत्य फेरी आपल्याला २००७ नंतर पहिल्यांदा दिसली होती.

मडगावकर
मी ताळेबंद यांच्या बाजूनं. आमच्या वाड्यावरच्या क्लबात कित्येक वर्षं बघतोय. जुना नावाजलेला खेळाडू समितीवर येतो, मैदान नीट होतं, पोरांना बूट मिळतात, सगळं छान. मग कोणी खर्चाचा कागद मागितला की, 'मी या क्लबासाठी गुडघे घालवलेत, मला विचारता?' माल्दिनी तसा आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याला प्रश्न विचारायची कोणाची छाती होत नाही, असा माणूस खुर्चीत नको.

लाल काळी
मडगावकर, माल्दिनीचा इतिहास उलटा आहे. २०१६ मध्ये नव्या मालकांनी बोलावलं, तेव्हा अधिकार आणि जबाबदारी स्पष्ट नाही म्हणून त्यानं नकार दिला होता. नुसती खुर्ची हवी असती तर तेव्हाच बसला असता. २००९ मध्ये निरोपाच्या सामन्यात आपल्याच कट्टर समर्थकांच्या एका गटानं त्याच्या निषेधाच्या शिट्ट्या मारल्या, कारण त्यानं त्यांची मर्जी कधी राखली नव्हती. तो मालकांची कशी राखेल? भांडण हिशेबाचं नव्हतं, शेवटचा शब्द कोणाचा याचं होतं.

आणि तो गेल्यावर महिनाभरात मिडफिल्डर टोनाली इंग्लंडच्या न्यूकॅसलला विकला. लहानपणापासून मिलानचा चाहता, क्लबात राहता यावं म्हणून पगार कमी करून घेतलेला पोरगा! त्या दिवशी मी खरंच रडले.

ताळेबंद
ताई, दुःख मलाही झालं. पण त्याच उन्हाळ्यात पुलिसिक आणि रेइंडर्स हे खेळाडू आले, आणि पुढच्या हंगामात आपण दुसरे आलो.

लाल काळी
आणि त्याच्या पुढच्या, २०२४-२५ च्या हंगामात आठवे. युरोपात जागाच नाही. रेइंडर्सही मँचेस्टर सिटीला विकला, थिओ सौदीला गेला. अशा वेळी खेळाडूला 'थांब, मीही इथेच राहिलो होतो' असं सांगायला क्लबात कोण होतं?

ताळेबंद
याला माझ्याकडे उत्तर नाही. काढायची पद्धत वाईट होती, हेही मान्य. निर्णय मात्र मालकांचाच होता, त्यावरून मी हलणार नाही.

तीन नंबर
नका हलू. पण जिंकलेल्या लीगनंतर त्याचा करार कधी वाढवला होता आठवतंय? ३० जून २०२२, मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी. तेव्हाच मला धडकी भरली होती.