दूध संकलनाची लिस्ट फोनमध्येच सेव्ह करायचीय, अ‍ॅप परत उघडलं की क्रॅश

दूधखुळा:
नमस्कार मंडळी, गावात वडलांचं दूध संकलन आहे, १५० च्या आसपास खाती, त्यासाठी कोटलिन भाषेत छोटं अँड्रॉइड अ‍ॅप करतोय. दूधनोंद नावाचा क्लास, त्यात खाते नंबर, तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग), रक्कम. इथे रेंजची बोंब आहे म्हणून सगळं फोनमध्येच ठेवायचंय, सर्व्हर नको. आत्ता मी अख्खी लिस्ट जीसॉन लायब्ररीने जेसन (म्हणजे साधा मजकूर) करून शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये (अँड्रॉइडची सेटिंग साठवायची जागा) एकाच की (key) खाली टाकतो. सेव्ह होतं, पण अ‍ॅप बंद करून उघडलं आणि नोंद वाचायला गेलो की क्लास कास्ट एक्सेप्शन (टाइप जुळत नाही अशी एरर), कुठल्यातरी लिंक्ड ट्री मॅपचं नाव येतं, आता हा मॅप मी बनवलेलाच नाही तर आला कुठून?? आणि नोंदी वाढल्या की सेव्ह दाबल्यावर अ‍ॅप अडकतं. वडील वहीतच लिहितायत आणि येताजाता टोमणे मारतायत.

निवांत_कोडर:
मॅप जीसॉनने बनवलाय. तू वाचताना नुसतं लिस्ट क्लास देत असणार. जेनेरिकचा टाइप (लिस्टच्या आत काय आहे ते) रनटाइमला पुसला जातो, त्यामुळे आत दूधनोंद आहे हे त्याला कळत नाही, मग तो प्रत्येक ऑब्जेक्टचा मॅप करतो आणि खाते नंबर १०१ चा १०१.० होतो ते वेगळंच. टाइप टोकन वापर, त्यात आतला टाइप पूर्ण सांगता येतो, क्रॅश जाईल. अजून एक, प्रत्येक फील्डवर सीरियलाइज्ड नेम (जेसनमधलं पक्कं नाव) लाव, नाहीतर रिलीज बिल्डमध्ये आर८ (कोड लहान करणारं टूल) फील्डची नावं ए, बी, सी करतो, पुढच्या बिल्डला ती बदलली की जुना डेटा वाचताच येत नाही. डीबगमध्ये सगळं मस्त चालतं त्यामुळे लक्षातही येत नाही.

म्हशीवाली_ताई:
टाइप टोकनने क्रॅश जाईल, पण दादा जागाच चुकलीय. प्रेफरन्सेस म्हणजे एक एक्सएमएल फाइल, ती सगळी मेमरीत येते आणि एक नोंद वाढवली तरी पूर्ण परत लिहिली जाते. तुझ्या १५० खात्यांच्या दोन वेळा धरल्या तर महिन्याला ९००० नोंदी झाल्या, मग अडकणारच की. तिथे थीम, भाषा असलं किरकोळ ठेवायचं. नोंदींसाठी रूम लायब्ररी घे, खाली एसक्यूलाइट डेटाबेसच आहे, एंटिटी (टेबल), डाओ (क्वेरी असलेला भाग) आणि डेटाबेस एवढे तीन तुकडे लिहायचे, आणि १ ते १० तारखेचं बिल एका क्वेरीत निघतं.
खाते, तारीख, वेळ यावर युनिक इंडेक्स टाक म्हणजे बटण दोनदा दाबलं तरी डबल नोंद नाही. पण त्यात गाय-म्हैस पण घे हं! आमच्याकडे एकाच खात्यावर दोन्ही दूध येतं.

दूधखुळा:
ताई गाय-म्हैस डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. रूम लावलं, तर आता मेन थ्रेडवर (जिथे स्क्रीन चालते) डेटाबेस वापरता येणार नाही म्हणून क्रॅश. अलाऊ मेन थ्रेड क्वेरीज टाकलं की चालतं, ठेवू का तसंच?

निवांत_कोडर:
नको रे, परत अडकेल. डाओची फंक्शन्स सस्पेंड कर आणि व्ह्यूमॉडेल स्कोपमधून बोलव, म्हणजे स्क्रीन न अडकता काम होतं. लिस्ट दाखवायला फ्लो दे, नोंद पडली की स्क्रीन आपोआप बदलते.

भिशीमास्तर:
उशिरा आलो पण हे वाचच. पुढे कॉलम वाढवलास तर व्हर्जन वाढवून मायग्रेशन (जुनं टेबल नव्या रूपात नेणारा कोड) लिही. नेटवर सापडणारं फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन आंधळेपणाने चिकटवू नको, ते मायग्रेशन सापडलं नाही की टेबलं उडवून नवीन बनवतं. मी माझ्या भिशीच्या अ‍ॅपला लावलं होतं, एका अपडेटमध्ये सगळ्यांचे हप्ते गायब, बायकांनी घरी येऊन झाडलं.

दूधखुळा:
बाप रे, काढलं लगेच. आता पहिलं १० दिवसांचं बिल निघालं, सगळं जुळलं पण एका खात्याला वहीपेक्षा ४ पैसे कमी. रक्कम डबलमध्ये (दशांश आकड्यांचा टाइप) ठेवलीय त्यामुळे का?

म्हशीवाली_ताई:
डबल इतका खात नाही. वडील प्रत्येक ओळीला पैसे राउंड करत असतील आणि तू शेवटी बेरजेला करतोस, २० ओळींत तेवढा फरक पडतो. नोंद घेतानाच रक्कम राउंड करून पैशात, लाँगमध्ये (पूर्णांकाचा टाइप) ठेव. दर पण त्याच नोंदीत ठेव, दरपत्रक बदललं की जुनी बिलं हलायला नकोत.

दूधखुळा:
जुळलं ताई! वडलांना दाखवलं, म्हणाले ४ पैसे कुणाचे होते ते आधी सांग.