मदत हवी आहे: कोंबड्यांचं आंबवलेलं धान्य हिरवं पडतंय

परसदारची_मीरा:
सलग तिसरी खेप फेकून दिली. धान्य भिजत घालते, दोन दिवस छान आंबूस वास येतो, बुडबुडेही दिसतात आणि तिसऱ्या दिवशी कडेने हिरवं. रोज ढवळते, सगळं नीट करते. कोंबड्यांनी आधी चोच मारली, आता घमेल्याकडे फिरकतही नाहीत. तांबडी कालपासून पंख पाडून बसलीय. लवकर सांगा, संध्याकाळी पुन्हा भिजत घालायचंय.

गावरान_अंडी:
धान्य कुठलं? कोंबड्या किती? पाणी किती?

परसदारची_मीरा:
धान्य नेहमीचंच हो. नऊ कोंबड्या.

गावरान_अंडी:
आमच्याकडे नेहमीचं म्हणजे तांदळाची कणी. तुमच्याकडे?

परसदारची_मीरा:
मक्याचा भरडा, बाजरी, गहू, मूठभर सूर्यफुलाच्या बिया. पाणी दोन बोटं वर. कराडजवळ राहते, पाऊस थांबायचं नाव नाही.

रानमळा:
मग बुरशीच. वरचं काढून खालचं घालू नका, बुरशीचं विष यकृतावर जातं. मी वाटीभर ताक घालतो. दुसऱ्या दिवशीच आंबतं, बुरशीला वावच राहत नाही.

गावरान_अंडी:
ताक कशाला? आंबवणारे जिवाणू दाण्याच्या सालीवरच असतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवायचं म्हणजे क्लोरीन उडून जातं, आणि आधीच्या खेपेचं पेलाभर पाणी पुढच्या खेपेत. चार वर्षं असंच करतोय.

रानमळा:
तुमचं जमतं म्हणून सगळ्यांचं जमेल का? पावसाळ्यात विरजण लागतंच.

गावरान_अंडी:
दाणे पाण्याखाली बुडालेले असले की पावसाळा काय नि उन्हाळा काय. उन्हाळ्यात फक्त लवकर आंबतं, दीड दिवसात काढायचं.

खुराडा_१२:
मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस दिलीय का? पिल्लं आठवड्याची असताना त्यावरच्या लासोटा लसीचे थेंब डोळ्यात घालायचे. आमच्या शेजारी लस चुकली आणि आठ दिवसांत खुराडं रिकामं झालं. तांबडीला आधी वेगळं करा.

काळी_माती:
मी म्हणेन कडकनाथ घ्या. दहा आहेत माझ्याकडे, अंडी कमी देतात पण दर चांगला मिळतो.

इंदूमावशी:
मीरा, भांडं कसलं आहे गं?

परसदारची_मीरा:
सासूबाईंचं पितळी पातेलं. एवढं मोठं तेच आहे घरात.

इंदूमावशी:
कल्हई आहे?

परसदारची_मीरा:
आत पिवळंच दिसतं. बरीच वर्षं माळ्यावर होतं.

इंदूमावशी:
अगं, मग कळकलंय ते! बिनकल्हईच्या पितळेत आपण ताक ठेवतो का? आंबट पाण्यात तांबं उतरतं. दोन दिवस फार आंबलेलं नसतं, तिसऱ्या दिवशी आंबटपणा वाढला की हिरवं. कोंबड्या शहाण्या, त्यांनी तोंड लावणं सोडलं.

रानमळा:
मावशी, बुरशी नाही कशावरून? मीराताई, हिरवं दाण्यांवर आहे की भांड्याला? केसाळ आहे का?

परसदारची_मीरा:
पातेलं अजून घासलेलं नव्हतं, बॅटरी लावून पाहिलं. पाण्याच्या रेषेवर गोल निळसर-हिरवा पट्टा, लव अजिबात नाही. नखाने निघेना. लिंबाची फोड घासली तर निघाला आणि खाली पितळ लखलखीत. दाण्यांवर काहीच नव्हतं, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

रानमळा:
मावशी बरोबर आहेत. ताक घातलं असतं तर आणखी लवकर कळकलं असतं.

गावरान_अंडी:
चिनी मातीची बरणी किंवा खाण्याच्या वस्तूंसाठीची प्लास्टिकची बादली घ्या. ॲल्युमिनियम नको. झाकण सैल, आत वायू होतो. वर पातळ पांढरी साय आली तर ढवळून टाका, लव आली तर सगळं फेका. निथळून घाला, संध्याकाळी उरलेलं उचला. नुसत्या धान्यात प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपासच, अंड्यावरच्या कोंबडीला सोळा तरी लागतात. शेंगदाण्याची पेंड आणि शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवा. पेंडीला पावसाळ्यात बुरशी धरते, ती मात्र बघून घ्या.

इंदूमावशी:
आणि तांबडीला डॉक्टरांकडे ने. पातेल्याचं त्यांना सांग.

परसदारची_मीरा:
टोपलीखाली वेगळी ठेवलीय. पाणी पितेय, दाणा अजून नाही. सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेते. बरणी शेजारून आणली, नऊ जणींना पुरणार नाही, दोन लावीन.

काळी_माती:
सूर्यफुलाच्या बिया सालासकट घालता का? माझ्या कोंबड्या सालं तशीच टाकतात.