तपासी अंमलदाराच्या सांगण्यावरून गुन्हा कबूल केला, आता ती शिक्षा रद्द होऊ शकते का?

नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारतेय. फौजदारी कामं करणाऱ्यांनी कृपया सविस्तर वाचा.

२०२२ च्या ऊस हंगामात तो मोटरसायकलवरून घरी येत होता. रस्त्याकडेला उभ्या ट्रॉलीमागून एक आजोबा एकदम पुढे आले आणि गाडीचा धक्का लागला. त्यांचं कोपर आणि गुडघा सोलवटला. यानेच त्यांना दवाखान्यात नेलं. भादंवि (भारतीय दंड विधान) २७९, ३३७ चा, म्हणजे हयगयीने गाडी चालवून दुखापत केल्याचा गुन्हा दाखल झाला.

२०२३ मध्ये पहिल्याच तारखेला तपासी अंमलदार कोर्टाच्या व्हरांड्यात त्याला म्हणाले, "लढत बसलास तर वर्षानुवर्षं तारखा. कबूल कर, पंधराशे दंड भर, आजच मोकळा. नोकरीला याची अडचण येत नाही." भाऊ तेव्हा १९ वर्षांचा, सोबत वकील नाही. दंडाची पावती घेऊन घरी आला आणि सुटलो म्हणाला.

आता पोलीस भरतीत निवड झालीय आणि चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर शिक्षेचा रकाना आहे. तिथे खरं तेच लिहायचं हे आमचं ठरलंय. लपवलं तर तेवढ्यावरूनच उमेदवारी जाऊ शकते.

कोर्टातून केसच्या कागदांच्या नकला काढल्या. छापील कागदावर "गुन्हा कबूल आहे काय?" आणि पुढे पेनाने "होय". खाली भावाची सही. तो सांगतो, मी म्हणालो होतो, "साहेब, धक्का माझ्याच गाडीचा लागला, पण आजोबा अचानक आडवे आले." हे वाक्य कागदावर कुठेच नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २५२ तर सांगतं की कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी. धक्का लागला म्हणणं म्हणजे हयगयीने गाडी चालवली म्हणणं कसं होईल?

गुन्हा कबूल केला असेल तर त्याच संहितेच्या कलम ३७५ मुळे अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यापुरतंच, म्हणून सेशन्स कोर्टात रिव्हिजन (खालच्या कोर्टाचा निकाल तपासावा असा अर्ज) करायचा विचार आहे. ९० दिवसांची मुदत केव्हाच उलटली. व्हरांड्यातल्या त्या बोलण्यावर विसंबून गप्प राहिलो, हे कारण विलंब माफीला पुरतं का? आणि अर्ज जुन्या ३९७ खाली की तिच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३८ खाली?

थिप्पस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य (१९८३) वाचलं. हलक्या शिक्षेच्या भरवशावर दिलेल्या कबुलीवरची शिक्षा सुप्रीम कोर्टाने रद्द केली आणि बचावाची संधी मिळावी म्हणून खटला परत पाठवला. पण तिथे वरच्या कोर्टाने शिक्षा वाढवली होती. आमच्याकडे ती वाढलेली नाही, आणि भरवसा कोर्टाने नाही, पोलिसाने दिला, तोही तोंडी. मला सगळ्यात जास्त भीती इथेच वाटते. असा निकाल कुणी प्रत्यक्ष मिळवलाय का?

खटला पुन्हा उभा राहिला तर भाऊ लढायला तयार आहे. ट्रॉलीचा ड्रायव्हर साक्ष देईन म्हणतो. त्याचं आणि भावाचं प्रतिज्ञापत्र रिव्हिजनला जोडलं तर सेशन्स कोर्ट ते विचारात घेतं, की फक्त खालच्या कोर्टाचा रोजनामा (कामकाजाची नोंद) पाहतं?