हरिता, शेवाळ, अळंबं

भाषांतर करताना अडलेय. हिमालयातल्या टाकाकिया या दुर्मीळ मॉसची रानातल्या साध्या मशरूमशी तुलना आहे. ‘दुर्मीळ शेवाळ आणि साधी बुरशी’ चालेल का? वाचताना मोरी घासायला काढल्यासारखं वाटतंय.

—

नाही चालणार. शेवाळ मुळात पाण्याचं. विहिरीच्या पायरीवरचं, टाकीतलं, पाय घसरवणारं. पुस्तकी रूप शैवाल. पावसाळ्यात कौलांवर, गडाच्या तटावर हिरवी मखमल चढते तिलाही आपण शेवाळच म्हणतो, पण ती निराळी. नखाने चिमूटभर काढून भिंगाखाली धरा, इवलाली पानं दिसतील. परिभाषेत ती ‘हरिता’. गोड शब्द आहे, वापरत कोणी नाही.

टाकाकियाच्या बाबतीत तर शास्त्रज्ञांचाही असाच घोळ झाला होता. १९५८ मध्ये जपानातून या प्रजातीचं वर्णन झालं ते यकृतका म्हणून, म्हणजे लिव्हरवर्ट, हरितांची चुलत बहीण. पुढे अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांवर तिची बीजाणूंची (बियांचं काम करणाऱ्या सूक्ष्म कणांची) बोंडं सापडली, १९९३ मध्ये ते छापून आलं आणि मग ती हरितांमध्ये गेली.

—

बुरशी म्हणजे लोणच्यावर धरते ती. शास्त्राला दोन्ही कवकच (फंगस), पण छत्रीवालं ते अळंबं, म्हणजे तुमचं मशरूम. केळं-केळी तसं अळंबं-अळंबी; बाजारात मात्र ‘एक अळंबी’ सर्रास ऐकू येतं. वारुळावर उगवतात त्या विदर्भात सात्या, गोव्यात रोयण अळमी. वाळवीच आत ती बुरशी पोसते. आमच्या आजीच्या लेखी जाती दोनच: भाजीची आणि कुत्र्याची. कुत्र्याची छत्री दिसली की काठीने उडवायची. हरितेला असलं एकही घरगुती नाव नाही, कारण ती कढईत पडत नाही.

—

कढईवरून आठवलं, गोड्या मसाल्यातलं दगडफूल यातलं कुठलं?

—

दोन्हींतलं नाही. ते फूलही नाही आणि दगडाचंही नाही. कवक आणि शैवाल यांचा एकत्र संसार, परिभाषेत शैवाक. कवक घर बांधतं, शैवाल रांधतं. काळपट करड्या पापुद्र्याची खालची बाजू बघा, वरच्यापेक्षा काळी असते.

मूळ प्रश्नाकडे: तुलनेत ‘दोन्ही बीजाणूंनी पसरतात’ एवढंच साम्य ठेवा. हरिता स्वतःचं अन्न करते, अळंबं आयत्यावर जगतं. त्यामुळे दोघांना ‘वनस्पती’ म्हणू नका, ‘सजीव’ म्हणा.

—

मग ‘टाकाकिया ही दुर्मीळ हरिता आणि रानातलं नेहमीचं अळंबं’ असं करते. संपादक विचारणार, हरिता कोणाची मुलगी?